फारोच्या जादूगारांचे बेडूक

घामाने मळलेला एक सदरा घ्यावा. गव्हाने भरलेल्या भांड्याच्या तोंडात तो कोंबावा आणि एकवीस दिवस वाट पाहावी. सदऱ्याचा आंबूस वास गव्हात उतरला की गव्हाचे उंदीर होतात. तेही आंधळी, उघडी पिल्ले नव्हेत. चांगले वाढलेले, नर आणि मादी दोन्ही. ही कृती यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट या ब्रसेल्सच्या वैद्याची. 'गॅस' हा शब्द जगाला दिला तो यानेच. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६४८ साली, मुलाने छापलेल्या त्याच्या ग्रंथात ती आहे.

हेल्मोंट कॅथलिक होता, आणि चर्चच्या चौकशीचा ससेमिरा त्याच्यामागे खरोखरच लागला होता. काही काळ तो घरातच नजरकैदेत होता. पण त्याचे कारण वेगळे होते. जखम करणाऱ्या शस्त्राला मलम लावले की लांब असलेल्या माणसाची जखम भरते, अशी तेव्हा एक समजूत होती. हेल्मोंटने तिला निसर्गातल्या चुंबकशक्तीचा खेळ म्हटले आणि संतांच्या अवशेषांचे चमत्कारही त्याच पंगतीला बसवले. चर्चला ते झोंबले. उंदरांचा ग्रंथ पुढे युरोपभर वाचला गेला, पण उंदीर करणारा माणूस ईश्वराच्या गादीवर हक्क सांगतो आहे, असा तंटा काही त्यावरून उभा राहिला नाही.

हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. प्रयोगशाळेत कृत्रिम जीव घडवण्याची बातमी आली की आज पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: माणूस देव बनू पाहतो आहे, आणि धर्माला हे कधीच मान्य नव्हते. इंग्रजीत या आक्षेपाला 'प्लेइंग गॉड' असे ठरीव नावच आहे. मराठीत त्याला नेमका जोड सापडत नाही. आपल्याकडे विश्वामित्राने प्रतिसृष्टी करायला घेतली तेव्हा देवांनी येऊन आर्जवे केली, तडजोड झाली आणि त्रिशंकू मधल्या मध्ये लोंबकळत राहिला. त्या गोष्टीत अहंकार आहे, थोडे हसूही आहे. पण निर्मिती म्हणजेच पाप, असे ती सांगत नाही. गंमत अशी की ख्रिस्ती परंपराही बराच काळ तसे सांगत नव्हती. 'प्लेइंग गॉड'चा मागोवा घेत मागे गेले की आपण चर्चच्या दारात पोहोचू असे वाटते, आणि पोहोचतो भलतीकडेच.

सुरुवात अर्थात बायबलच्या पहिल्या पानापासून. मराठी बायबलात पहिल्या पुस्तकाचे नाव 'उत्पत्ति', आणि देव तिथे सृष्टी 'उत्पन्न' करतो. (उत्पन्न म्हटले की आपल्याला आधी तहसीलदाराचा दाखला आठवतो, पण तो भाग सोडा.) मूळ हिब्रूत तिथे 'बारा' हे क्रियापद आहे. या अर्थाने ते जिथे जिथे येते तिथे त्याचा कर्ता एकच, देव. कुंभार 'बारा' करत नाही, सुतारही नाही. दुसऱ्या अध्यायात देव माणसाला मातीतून 'घडवतो', तिथले 'यात्सार' हे क्रियापद मात्र कुंभाराचेही आहे. एवढ्यावर थांबले तर वाटेल की निर्मितीची मक्तेदारी शब्दांनीच पक्की करून टाकली आहे. पण त्याच पहिल्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, आणि जुन्या टीकाकारांची नजर नेमकी तिच्यावर पडली. देव प्राणी करतो तेव्हा आधी जमिनीला आज्ञा करतो, की तू सजीव उपजव.

चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बेसिल याने सहा दिवसांच्या सृष्टीवर प्रवचने दिली. त्याचे म्हणणे, ती आज्ञा अजून लागू आहे. ईजिप्तमध्ये थीब्जच्या बाजूला उन्हाळ्यात जोराचा पाऊस झाला की शेते उंदरांनी भरून जातात. चिखलातून वाम मासे होतात. निर्जीवातून सजीव होणे हे त्याच्या लेखी देवाविरुद्धचे बंड नव्हते, देवाच्या शब्दाचे अजून चाललेले पालन होते.

धर्मपंडित ऑगस्टीनपाशी हा प्रश्न जास्त अवघड रूपात आला. निर्गम या पुस्तकात मोशे आणि अहरोन फारोसमोर चमत्कार करतात. अहरोनाच्या काठीचा साप होतो, तर फारोचे जादूगारही आपल्या काठ्यांचे साप करतात. अहरोन बेडूक काढतो, तर तेही काढतात. तिसऱ्या पीडेपाशी मात्र त्यांचे हात टेकतात. आता हे जादूगार देवाचे नव्हेत, उलट बाजूचे. त्यांनी जिवंत बेडूक काढले असतील, तर तेही निर्माते ठरले का? कृत्रिम जीवाविषयीच्या ख्रिस्ती नीतिविचाराचा उगम मी इथे मानतो, आणि तो बेडकांत आहे याची मला मौज वाटते.

पाचव्या शतकाच्या आरंभी, त्रैक्यावरच्या आपल्या ग्रंथात, ऑगस्टीनने याचे उत्तर दिले. देवाने आरंभीच साऱ्या भौतिक वस्तूंमध्ये न दिसणारी बीजे पेरून ठेवली आहेत. योग्य वेळ, योग्य उष्णता, योग्य ओलावा मिळाला की ती उमलतात. जादूगारांनी, किंवा त्यांच्यामागच्या दुष्ट शक्तींनी, फक्त ती परिस्थिती जुळवून आणली. शेतकरी पीक काढतो म्हणून आपण त्याला पिकाचा निर्माता म्हणत नाही, आईबापांना मुलाचा निर्माता म्हणत नाही. मग जादूगाराला बेडकाचा निर्माता का म्हणावे?

उत्तर हुशारीचे आहे, आणि थोडे लबाडीचेही. माणसाने काहीही करून दाखवले तरी व्याख्येनेच ती 'निर्मिती' ठरत नाही, म्हणजे धर्मशास्त्र कधी हरणारच नाही. पण त्याचा एक परिणाम मोठा झाला. माणूस देव बनू शकतो का, हा प्रश्न निकालात निघाला. आणि उरला तो शेतकऱ्याला विचारायचा प्रश्न. शेतकरी निर्माता नसला तरी काय पेरले, कुठे पेरले, कोणासाठी आणि कोणाच्या रानात, याचा जाब त्याला द्यावाच लागतो. फारोचे जादूगार चुकले ते बेडूक काढले म्हणून नव्हे; ते कोणाच्या चाकरीत आणि कशासाठी काढले, तिथे चुकले.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हेच अधिक काटेकोर करून मांडले. कुजण्यातून जे कीटक होतात ते ग्रहताऱ्यांच्या आणि महाभूतांच्या शक्तीने होतात. ती शक्ती त्यांना आरंभीच मिळालेली. तेव्हा उद्या एखादी नवी जात दिसली तरी ती सहा दिवसांच्या कामाबाहेरची नव्हे. त्याचा गुरू अल्बर्ट याने बोलते डोके बनवले आणि थॉमसने ते फोडले, अशी दंतकथा पुढे पसरली. तिचे एक रूप सांगते की त्या डोक्याच्या बडबडीने थॉमसचा अभ्यास होईना, म्हणून फोडले.

बाटलीतल्या माणसाची, होमुनक्युलसची कृती सोळाव्या शतकातली. पॅरासेल्ससच्या नावावर असलेल्या आणि १५७२ मध्ये छापलेल्या पुस्तकात ती आहे: माणसाचे वीर्य बंद भांड्यात घोड्याच्या लिदीच्या उबेत चाळीस दिवस, मग चाळीस आठवडे रक्ताच्या अर्कावर पोसायचे. याने मात्र धर्मनिष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण प्रश्न उंदरांचा राहिला नव्हता. माणूस आला की आत्मा आला, आदामाचे मूळ पाप आले, आईबाप आले. ही रेघ ध्यानात ठेवावी. पुढे चारशे वर्षांनी ती तशीच दिसते. काही दशकांनी, १६१६ साली, गोव्यात रायतूरला, म्हणजे राशोलला, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले आणि बायबलातली सृष्टीची कथा मराठी ओवीत आली. फादर ज्या युरोपातून गोव्याला आले होते तिथल्या शिकलेल्या माणसाला कुजक्या मांसात किडे आपोआप होतात याची पक्की खात्री होती.

ती खात्री मोडायला १६६८ मध्ये फ्लॉरेन्समध्ये सुरुवात झाली. फ्रान्चेस्को रेदीने मांसाची काही भांडी उघडी ठेवली, काहींवर बारीक जाळीचे कापड बांधले. झाकलेल्या मांसात अळ्या झाल्या नाहीत. माशा अंडी घालतात म्हणून अळ्या होतात, एवढीच गोष्ट. पण रेदीने जाता जाता एक वेगळी मांडणी केली: देवाने आरंभी पहिले प्राणी आणि वनस्पती केल्या, त्यानंतर जमिनीने आपणहून काही उपजवलेले नाही; सारे बीजातून. बेसिलच्या बरोबर उलट. 'निर्जीवातून जीव होत नाही' या निरीक्षणाला श्रद्धेचा रंग चढू लागला तो इथे. तोवर तो रंग उलट बाजूला होता.

पुढच्या शतकात या उलथापालथीचा तमाशाच झाला. जॉन नीडम हा इंग्लंडचा कॅथलिक धर्मगुरू. १७४० च्या दशकात त्याने मटणाचा रस्सा उकळून बाटलीत भरला, बूच घट्ट लावले, आणि काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर आत जीवच जीव. नीडमने निष्कर्ष काढला की पदार्थातच उपजवण्याची शक्ती आहे. पाद्री असून त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. देवानेच ती दिली, मग भीती कसली? भीती वाटली ती व्हॉल्टेअरला. ज्याने जन्मभर पाद्र्यांची टर उडवली तोच या पाद्र्यावर तुटून पडला, कारण पदार्थ आपला आपण जिवंत होऊ लागला तर देवाची गरज उरत नाही, हे त्याने ओळखले. व्हॉल्टेअरला चर्च नको होते, देव हवा होता. त्याने नीडमला आयरिश जेझुइट म्हणून हिणवले; नीडम आयरिश नव्हता आणि जेझुइटही नव्हता. पण व्हॉल्टेअरचा अंदाज खरा ठरला. १७७० मध्ये बॅरन दोल्बाक या उघड निरीश्वरवाद्याने आपल्या ग्रंथात नीडमचा दाखला दिला: पिठापाण्यातून जीव होत असतील तर माणूसही कधीकाळी असाच का झाला नसेल? नीडमचा प्रयोग खोडून काढणारा लाझारो स्पालान्झानीही धर्मगुरूच. त्याने १७६५ मध्ये दाखवले की बाटली नीट बंद करून पुरेसे उकळले तर आत काही होत नाही. म्हणजे जीव होतो म्हणणारा पाद्री, होत नाही म्हणणारा पाद्री, आणि धर्माच्या काळजीने गळा काढणारा चर्चचा वैरी. 'धर्म विरुद्ध विज्ञान' या साच्यात हे कसे बसवायचे?

आता 'फ्रँकेन्स्टाइन'. १ जानेवारी १८१८ ला लेखिकेच्या नावाशिवाय ते पुस्तक लंडनमध्ये निघाले तेव्हा मेरी शेली विशीतच होती. देव बनू पाहण्याच्या पापाचे हे मूळ पुस्तक, असे सगळे सांगतात. मी ते पुन्हा वाचतो तेव्हा मला दुसरेच दिसते. कादंबरीचा नायक व्हिक्टर आपल्या हातून उठलेला जीव पाहतो, त्याच्या कुरूपतेला घाबरतो आणि पळतो. पुढची सगळी हत्याकांडे त्या पळण्यातून येतात. तो प्राणी आपल्या कर्त्याला सारखे एकच विचारतो, की तू मला घडवलेस आणि टाकून का दिलेस? शेत पेरून निघून गेलेल्या शेतकऱ्याची ही गोष्ट आहे. मग देवद्रोहाची छटा आली कुठून? बरीचशी रंगमंचावरून. १८२३ च्या जुलैत लंडनच्या इंग्लिश ऑपेरा हाउसमध्ये रिचर्ड ब्रिन्सली पीकचे नाटक लागले. त्याच्या नावातच 'प्रिझम्प्शन' होते, म्हणजे मर्यादा ओलांडणारा उद्धटपणा. नाटक अनैतिक आहे म्हणून विरोधाची पत्रके वाटली गेली, आणि गर्दी झाली. मेरी स्वतः ऑगस्टअखेर ते पाहून आली. जाहिरातीत त्या प्राण्याच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा होत्या, हे तिला फार आवडले. आठ वर्षांनी, १८३१ च्या आवृत्तीला तिने नवी प्रस्तावना लिहिली, तीत मात्र विधात्याच्या यंत्राची नक्कल करण्याच्या धास्तीचा सूर आहे. पुस्तकाने नाटक घडवले आणि नाटकाने पुस्तक, असे मला वाटते.

नाटकातली भाषा खऱ्या माणसाला चिकटायला फार वेळ लागला नाही. सॉमरसेटच्या क्वांटॉक टेकड्यांत, फाइन कोर्ट या वाड्यात, अँड्र्यू क्रॉस नावाचा हौशी जमीनदार विजेचे प्रयोग करत असे. १८३६ मध्ये तो व्हेसुव्हियसच्या एका सच्छिद्र दगडावर रसायन ठिबकवत, विजेचा प्रवाह सोडून स्फटिक करू पाहत होता. चौदाव्या दिवशी दगडावर पांढरे ठिपके दिसले. सव्विसाव्या दिवशी त्यांना किड्यांचा आकार आला. अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांनी पाय हलवले. बहुधा घरातल्या धुळीतलेच बारीक किडे प्रयोगात शिरले असावेत. आपण जीव निर्माण केला असे क्रॉसने कधी म्हटलेच नाही. काय झाले ते त्याने सांगितले आणि कारण ठाऊक नाही म्हटले. पण वर्तमानपत्राने बातमी छापली आणि धमक्यांची पत्रे सुरू झाली. आसपासचे शेतकरी गव्हावरच्या रोगाचे खापर त्याच्यावर फोडू लागले. एका पाद्र्याने टेकडीवर भूत उतरवण्याचा विधी केला, असेही सांगतात. हेल्मोंटचे अख्खे उंदीर पचले होते. दोनशे वर्षांनी क्रॉसचे डोळ्यांना धड न दिसणारे किडे पचले नाहीत. मधल्या काळात धर्मग्रंथ बदलला नव्हता. छापखाना, रंगमंच आणि नास्तिकांची भीती एवढे वाढले होते.

७ एप्रिल १८६४ ला सॉर्बोनच्या सभागृहात लुई पाश्चरचे भाषण झाले आणि आपोआप जीव होण्याचा वाद फ्रान्सपुरता मिटला. पाश्चरने त्या भाषणात देवाचा मुद्दा उघड काढला: पदार्थच जीव होत असेल तर निर्मात्या ईश्वराची कल्पना हवी कशाला? रुआँचा त्याचा प्रतिस्पर्धी पूशे देव मानणारा होता आणि सतत जीव उपजत राहणे ही देवाचीच लीला समजत होता. पण त्याचे ऐकतो कोण? 'जीव फक्त जीवातून' हे वाक्य शाळेच्या पुस्तकात गेले, आणि श्रद्धाळूंच्या मनात ते धर्माचेच वाक्य होऊन बसले. विज्ञानाचा शंभर-दोनशे वर्षांचा निष्कर्ष हा सनातन धर्म वाटू लागला की पुढच्या प्रयोगाला देवद्रोहाशिवाय दुसरे नाव उरत नाही.

मधले शतक वर्तमानपत्रांचे. १८९९ मध्ये झाक लोब याने समुद्री अर्चिनची अंडी नराशिवाय, नुसत्या क्षारांनी वाढीला लावली, तर जीव निर्माण झाल्याच्या बातम्या. १९१२ मध्ये फ्रान्सच्या स्तेफान लदुकने आपल्या पुस्तकाचे नावच 'संश्लेषित जीवशास्त्र' ठेवले. त्याने केली होती ती क्षारांची, वनस्पतीसारखी दिसणारी झाडे. डिसेंबर १९६७ मध्ये आर्थर कॉर्नबर्गने एका विषाणूचा डीएनए परीक्षानळीत तयार केला आणि तो काम करू लागला. त्याचे कौतुक अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वतः भाषणात केले.

'प्लेइंग गॉड' हा शब्दप्रयोग ख्रिस्ती नीतिशास्त्रात ठाण मांडून बसला तो याच सुमारास, आणि त्याला दोन प्रॉटेस्टंट माणसे कारणीभूत झाली. मेथडिस्ट पंथाचे, प्रिन्स्टनचे पॉल रॅम्झी यांनी १९७० मध्ये 'फॅब्रिकेटेड मॅन' लिहिले. त्यांचा मुद्दा असा, की माणूस होणे जमेपर्यंत देव होण्याच्या फंदात पडू नये, आणि माणूस होणे जमले की मग देव व्हावेसे वाटणारच नाही. दुसरे जोसेफ फ्लेचर, एपिस्कोपल चर्चचे पाद्री. ते म्हणत, देवाची कामे आता आपणच करायची आहेत, तेव्हा डोळे उघडे ठेवून करा. (पुढे त्यांनी श्रद्धाच सोडली.) जर्मन जेझुइट कार्ल रानर या दोघांपेक्षा थंड डोक्याचा. स्वतःला बदलत राहणे हा माणसाचा स्वभावच आहे, तेव्हा घाबरण्याऐवजी कोणते बदल करायचे ते ठरवा, असे तो १९६० च्या दशकातच सांगत होता. पण रॅम्झी बोलत होते ते माणसाच्या प्रजननाविषयी, जीवाणूविषयी नव्हे. होमुनक्युलसची ती रेघ इथे पुन्हा दिसते. १९८७ च्या 'डोनुम व्हिते' या व्हॅटिकनच्या निर्देशाचा सगळा कठोरपणा मानवी गर्भाभोवती आहे. चर्चची हरकत खरोखर धारदार होते ती तिथे. जीवाणूपाशी ती कायम बोथट राहिली.

जीवाणूचा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला तो मालकीच्या रूपात. पश्चिम बंगालमध्ये सैंथियाला जन्मलेले आनंदमोहन चक्रवर्ती जनरल इलेक्ट्रिकमध्ये संशोधक होते. खनिज तेल खाणारा जीवाणू त्यांनी तयार केला आणि १९७२ मध्ये पेटंट मागितले. पेटंट कार्यालय म्हणाले, जिवंत वस्तूला पेटंट नाही. १६ जून १९८० ला न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की माणसाने केलेली वस्तू जिवंत आहे की निर्जीव, याने फरक पडत नाही.

चारच दिवसांनी, २० जूनला, अध्यक्ष कार्टर यांना एक पत्र गेले. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस, सिनेगॉग कौन्सिल ऑफ अमेरिका आणि अमेरिकेची कॅथलिक कॉन्फरन्स, या तिघांच्या सरचिटणीसांच्या सह्या. पत्रात देव बनू पाहणाऱ्यांविषयी इशारा आहे, आणि वर्तमानपत्रांनी तेवढाच उचलला. बाकीचे पत्र कारकुनी वाटावे इतके नेमके आहे: नव्या जीवांवर ताबा कोणाचा राहील, फायदा कोणाला, धोका कोणाच्या वाट्याला, देखरेख कोण करणार, आणि हे ठरवणाऱ्यांत लोकांना जागा आहे की नाही? या पत्रामुळे अध्यक्षीय आयोगाने चौकशी हाती घेतली. १९८२ च्या अहवालात नोंद आहे की आयोगाने धर्मपंडितांना विचारले, आणि जनुकांची जुळणी हीच मुळात ईश्वरद्रोह आहे असे त्यांतल्या कोणी धरून ठेवले नाही. १९९५ च्या मे महिन्यात सुमारे १८० धर्मनेत्यांनी पुन्हा संयुक्त निवेदन काढले. विषय तोच, प्राण्यांवरची आणि मानवी जनुकांवरची पेटंटे. मला विचाराल तर ऑगस्टीनचा शेतकरी इथे परत येतो, सातबारा कोणाच्या नावाने, हे विचारत.

अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर या सगळ्यात धूर्त. किमान किती जनुकांवर जीव जगू शकतो हे शोधायला घेतानाच त्यांच्या गटाने नीतितज्ज्ञांचे मत मागवले, आणि ते १९९९ च्या डिसेंबरात 'सायन्स'मध्ये छापून आले. लेखकांत टेक्सासच्या बॅप्टिस्ट विद्यापीठातले एक धर्मशास्त्राचे अध्यापकही होते. बेताने चाला, पण वाट बंद करायचे कारण नाही, असा त्याचा मथितार्थ. २००७ मध्ये व्हेंटर यांच्या संस्थेचा पेटंट-अर्ज उघड झाला तेव्हा देवाला आता प्रतिस्पर्धी मिळाला, असे म्हणाले कोण? कोणी बिशप नव्हे. कॅनडातली ईटीसी ही पेटंटविरोधी संघटना.

२० मे २०१० ला व्हेंटर यांच्या गटाकडून ती बातमी आली. शेळ्यांना रोग करणाऱ्या मायकोप्लाझ्मा मायकॉइडीस या जीवाणूचा जनुकसंच, सुमारे १० लाख ७८ हजार अक्षरांचा, संगणकावरच्या नोंदीवरून रसायनांनी जोडून तयार केला. जवळच्या दुसऱ्या जातीच्या पेशीत घातला. आणि ती पेशी नव्या जनुकांबरहुकूम वाढू लागली, विभागू लागली. पंधरा वर्षे आणि सुमारे ४ कोटी डॉलर लागले. नीट पाहिले तर पेशी आयतीच होती. भिंत, रस, यंत्रणा सगळी निसर्गाची; नवी होती ती चिठ्ठी. या चिठ्ठीत खुणेसाठी संशोधकांची नावे आणि जेम्स जॉइस, ऑपनहायमर, फाइनमन यांची वचने डीएनएच्या अक्षरांत लिहिली होती. पुढे व्हेंटरनीच सांगितले, की जॉइसच्या वारसांचे परवानगी का घेतली नाही म्हणून पत्र आले, आणि फाइनमनचे वचन चुकीचे उतरवले गेले होते. नव्या जीवावर पहिला हक्काचा दावा आला तो असा, कॉपीराइटचा.

व्हॅटिकनच्या वृत्तपत्रात, 'लोस्सेर्व्हातोरे रोमानो'मध्ये, दोन दिवसांत लेख आला. लिहिणारे कार्लो बेल्लिएनी हे नवजात बालकांचे डॉक्टर. सूर असा: काम उत्तम आहे, पण जीव निर्माण केलेला नाही; एक इंजिन बदलले आहे. इटलीच्या बिशपांचे प्रमुख कार्डिनल बान्यास्को यांनी याला मानवी बुद्धीची खूण म्हटले आणि बुद्धी ही देवाची देणगी आहे, तेव्हा जबाबदारीने वापरा, असे सांगितले. ज्यांना चर्चकडून विजा कडाडण्याची अपेक्षा होती त्यांची निराशा झाली असेल. हे तर सोळाशे वर्षांपूर्वीचे बेडकांवरचे उत्तर होते, शब्द तेवढे मोटारीच्या गॅरेजमधले. अध्यक्ष ओबामांनी नेमलेल्या आयोगाचा अहवाल त्याच वर्षी डिसेंबरात आला. त्याने तर वृत्तमाध्यमांना आणि बोलणाऱ्यांना सांगितले, की 'जीव निर्माण केला', 'देव बनू पाहतात' असले भडक शब्द टाळा. त्यांनी लक्ष वेधते, समज वाढत नाही.

२०१६ मध्ये त्याच गटाने जनुके कापत कापत ४७३ वर आणली. यांतली बहुतेक जनुके अशी, की एखादे काढले तरी पेशी नीट वाढत नाही. या ४७३ पैकी १४९ जनुके नेमके काय काम करतात हे तेव्हा कोणालाच सांगता आले नाही. चिठ्ठी आपल्या अक्षरात, पण जवळजवळ तिसरा हिस्सा न वाचता उतरवून घेतलेला.

आणि १२ डिसेंबर २०२४. 'सायन्स'मध्ये ३८ शास्त्रज्ञांचे निवेदन आले, सोबत तीनशे पानांचा तांत्रिक अहवाल. विषय आरशातला जीव. आपल्या सगळ्या सजीवांतली प्रथिने एका बाजूला वळलेल्या रेणूंची, डीएनए दुसऱ्या बाजूचा. हे सगळे उलट करून, आरशातल्या प्रतिमेसारखा जीवाणू घडवणे काही दशकांत शक्य होईल. तसा तो झाला तर आपली रोगप्रतिकारशक्ती त्याला ओळखणार नाही, त्याला खाणारे विषाणू आणि सूक्ष्मजीव नसतील, आणि माणूस, जनावरे, पिके कोणाचीच खात्री देता येणार नाही. म्हणून, धोका नाही असा भक्कम पुरावा मिळेपर्यंत हा जीव कोणी घडवू नये, आणि या कामाला कोणी पैसे देऊ नयेत, असे निवेदन म्हणते. मिनेसोटाच्या केट अडामाला स्वतः या वाटेवर काम करत होत्या. त्यांनी ते थांबवले. त्या ३८ नावांमध्ये क्रेग व्हेंटर हेही नाव आहे.